सोळा इंच सरकणारा जोड

छोट्या हौद्याच्या पिकअपवर ट्रेलरचे नाक टेकवायचे असेल, तर सर्वप्रथम मागच्या आसापासून केबिनच्या पाठीपर्यंतचे अंतर मोजावे लागते. माझ्या थोरल्या भावाच्या गाडीत ते सव्वीस इंच भरले. टेपचे एक टोक मी स्वतः धरले होते आणि आकडा माझ्या डायरीत माझ्या अक्षरात नोंदला होता, त्यामुळे त्याविषयी शंका नाही. ट्रेलरची रुंदी सात फूट, म्हणजे अर्धी रुंदी बेचाळीस इंच. गाडी काटकोनात वळली की ट्रेलरच्या पुढच्या कोपऱ्याला तेवढी मोकळी जागा लागते. ती नसेल तर तो कोपरा केबिनच्या मागच्या काचेत शिरतो. सव्वीस आणि बेचाळीस यांच्यामध्ये जे सोळा इंच राहिले, त्यांच्यापायी आमच्या घराचा एक अख्खा हिवाळा गेला.

मी इंदूरला जिल्हा कचेरीबाहेर अर्ज लिहिण्याचा व्यवसाय करतो. अकरावीच्या पुढे माझे शिक्षण होऊ शकले नाही, परंतु एम. ए. झालेली माणसे माझ्यासमोर स्टुलावर बसून आपली कैफियत सांगतात आणि मी ती साहेबाच्या पचनी पडेल अशा हिंदीत उतरवतो, ही गोष्ट लपवण्यासारखी नाही. संस्थानी काळात आमचे पणजोबा फौजेत होते. घराण्यात लेखणी प्रथम माझ्या हाती आली. आणि ती धरायला मला वहिनींनी शिकवले. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि माझे अक्षर कोंबडीचे पाय उमटावेत तसे होते. दुपारी स्वयंपाकघर आवरले की त्या मला ओट्याखाली पाट टाकून बसवत आणि एकच ओळ वीस वेळा लिहायला लावत. आज कचेरीतले बाबू माझा कागद दुरून ओळखतात, त्याचे मूळ त्या पाटावर आहे.

दादा एका कारखान्यात फोरमन होता. निवृत्तीनंतर त्याने राऊला लहानसे घर बांधले आणि शेतांवरचे पंप दुरुस्त करू लागला. त्यासाठीच त्याने पुढे दोन रांगा आसनांच्या आणि मागे आखूड हौदा अशी पिकअप घेतली होती. माणसेही बसावीत आणि मोटारही न्यावी, असा दुहेरी विचार. ट्रेलर ओढायचा जोड त्या हौद्यात बसवायची वेळ येईल, असे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

मागच्या दिवाळीनंतर वहिनींच्या पाठीचे दुखणे वाढले आणि पंधरा दिवसांत पाय गेले. डॉक्टरांनी दादाला आणि मला आत बोलावून घेतले, दार लावले आणि जे सांगायचे ते सांगितले. रोग मणक्यात उतरला होता. सहा महिने, त्याहून जास्त नाही. बाहेर येताना दादा म्हणाला, "हिला नस दबलीये म्हणून सांगू." मी मान हलवली. त्या दिवसापासून घरात सर्वांच्या तोंडी 'नस' हाच शब्द राहिला.

वहिनींची एकच इच्छा वर्षानुवर्षे पडून होती: नर्मदेची परिक्रमा. पायी जाणे त्यांना कधी जमले नाही. आधी सासूसासऱ्यांचे आजारपण, मग मुलीचे शिक्षण, तिचे लग्न. आता गाडीनेच जायचे, पण त्यांना बसवत नव्हते. पाठ सपाट हवी आणि हिसका बसता कामा नये, असे डॉक्टरांनी बजावले होते. मी ॲम्ब्युलन्स सुचवली.

"नको भावजी," वहिनी म्हणाल्या. "त्यात बसून गेलेली माणसं मैया बघायला जात नाहीत."

तेव्हा दादाने रस्ते बांधणाऱ्या एका ठेकेदाराकडून चाकांवरची जुनी खोली, म्हणजे हा ट्रेलर, घेतली. तिच्यात पलंग मावत होता, खिडक्या दोन्ही बाजूंना होत्या. ही वहिनींचीच गाडी, असे म्हणून त्याने ती त्यांच्या नावावर केली. पण तिला मागच्या बंपरला अडकवायचा आकडा नव्हता. पुढे हंसाच्या मानेसारखा वाकलेला लोखंडी दांडा आणि त्याखाली एक जाड खुंटी, किंगपिन. ती खुंटी ओढणाऱ्या गाडीच्या हौद्यात, आसाच्या बरोबर वर बसवलेल्या ग्रीस लावलेल्या लोखंडी तबकाच्या खाचेत अडकते. त्या तबकाला फिफ्थ व्हील म्हणतात. वजन आसावर पडत असल्याने ट्रेलर शेपटीसारखा हलत नाही, आतल्या माणसाला हिसका बसत नाही. आम्हाला हवे होते ते हेच होते. अडचण फक्त एवढीच, की ती खोली लांब हौद्याच्या गाडीसाठी बनलेली होती.

पोलोग्राउंडला एक मिस्त्री आहेत, वयाने सत्तरीकडे झुकलेले, जन्मभर ट्रॉल्या आणि ट्रेलर जोडत आलेले. त्यांनी हौद्याकडे पाहिले आणि बीडी विझवली.

"भिया, गाडी छोटी और मेहमान बडा," ते दादाला म्हणाले. "सीधे में तो मक्खन चलेगी. मोड पे कोना काँच में."

"तबक मागे सरकवून बसवा ना," मी म्हणालो.

"ये कौन साब हैं?"

"माझा भाऊ. कचेरीत अर्ज लिहितो."

"तो वकील साब, अर्जी लगा दो एक्सल के नाम, कि थोडा पीछे हो जाए." तिथल्या दोघातिघांना हसू आले. मग मात्र त्यांनी नीट समजावले. तबक आसाच्या मागे कायमचे बसवले, तर वजन शेपटाकडे जाईल, पुढची चाके हलकी होतील आणि घाटात स्टिअरिंग हाताला लागणार नाही. आसावर कायमचे बसवले, तर कोपरा काचेत. राहिले दोन मार्ग. एक, आपोआप सरकणारा जोड, जो गाडी वळू लागली की स्वतःच मागे जातो. तो बाहेरून मागवावा लागणार होता आणि दोन-तीन महिन्यांखाली कोणीही बोलत नव्हते. दुसरा, लिव्हरचा जोड. तो ते स्वतः बनवणार होते. मोठे वळण आले की थांबायचे, एकाने खाली उतरून ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लावायचे, लिव्हर ओढायची. गाडी सोळा इंच पुढे घ्यायची, तबक ट्रेलरसोबत जागीच राहते, म्हणजे हौद्यात मागे सरकते. मग कुलूप लावून वळायचे. वळून झाले की हाच खटाटोप उलटा.

मी आपोआप सरकणाऱ्याच्या बाजूने होतो आणि ते मत मी मुद्देसूद मांडले. यंत्राचे काम यंत्राने करावे. दर वळणावर थांबणे म्हणजे मागच्या वाहतुकीस अडथळा. शिवाय दादाचा गुडघा. दादाने सगळे ऐकून घेतले. परत येताना गाडीत म्हणाला, "तीन महिने थांबू म्हणतोस?" मी खिडकीबाहेर पाहिले. लिव्हरचा जोड ठरला. लिव्हर ओढणारा मी.

वहिनींना या सगळ्यात असा काही रस वाटू लागला की घरातले आजारपण चार आठवडे बाहेरच उभे राहिले. मी रोज काम संपवून स्नेहलतागंजला घरी न जाता थेट राऊला जात असे. दारात पाऊल ठेवले की पलंगावरून आवाज येई, "आज काय ठरलं?" त्यांनी दादाकडून मापे घेतली, जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यातून गाडी आणि ट्रेलर फुटाला अर्धा इंच या प्रमाणात कापले आणि शिवणाच्या टाचणीने एकमेकांना जोडून पांघरुणावर फिरवू लागल्या. पुठ्ठ्याचा कोपरा पुठ्ठ्याच्या केबिनला लागे तेव्हा त्या "धडाम!" म्हणत. एका संध्याकाळी त्यांनी कात्री घेतली आणि ट्रेलरचे पुढचे दोन्ही कोपरे गोल कापून टाकले.

"हे बघा. ब्लाउजला बगलेत गोलाई नाही दिली तर हात वर होत नाही. तुमच्या मिस्त्रीला एवढं कळत नाही?"

दादा पुठ्ठा घेऊन पोलोग्राउंडला गेला. मिस्त्रींनी तो उजेडात धरून कितीतरी वेळ पाहिला. "भाभीजी को दुकान पे बिठा दो यार," ते म्हणाले. कोपरे कापल्यावर साधी वळणे जोड न सरकवताच पार होणार होती. अगदी काटकोनातली तेवढी लिव्हरला राहिली. या बातमीने वहिनी दोन दिवस फुशारकीत होत्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पुठ्ठा दाखवत होत्या.

आता मला ते सांगणे भाग आहे, ज्यासाठी मी हे लिहायला बसलो.

ट्रेलरचे कोपरे कापून तो असा जोडायचा तर परिवहन कार्यालयाची परवानगी लागते. दादा म्हणत होता, कोण विचारतंय. मी म्हणालो, कायद्याचे काम कायद्याने. ट्रेलर वहिनींच्या नावावर, तेव्हा अर्ज त्यांचा. मी तो कचेरीबाहेर माझ्या टेबलावर, दुपारच्या वेळी, गिऱ्हाईक नसताना लिहिला. मी जन्मात हजारो अर्ज लिहिले असतील, परंतु त्या अर्जाइतका बांधेसूद एकही नाही. प्रथम तथ्य, मग अडचण, मग नियमाचा आधार आणि शेवटी अशी विनंती, की वाचणाऱ्याची मान आपोआप हलावी. लिहिताना वहिनी माझ्या डोळ्यांसमोर नव्हत्या. अर्ज करणारी कोणी एक प्रार्थिनी होती. प्रार्थिनी असाध्य रोगाने ग्रस्त होती, कारण तशी ती असल्याशिवाय अर्जाला धार येत नव्हती.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. अर्जदाराची सही घेण्याआधी अर्ज त्याला अक्षरशः वाचून दाखवायचा. ज्या वृद्ध गृहस्थांच्या शेजारी बसून मी हे काम शिकलो, त्यांनी ही रीत मला पहिल्या दिवशी घालून दिली. न ऐकवता घेतलेली सही म्हणजे चोरी, असे ते म्हणत. तीस वर्षांत मी ती एकदाही मोडली नाही. निरक्षर म्हातारीला वाचून दाखवतो, तसेच निवृत्त प्राध्यापकालाही दाखवतो. वाचताना मी अर्जदाराकडे पाहत नाही, कागदाकडे पाहतो आणि आवाज थोडा चढवतो.

त्या संध्याकाळी मी राऊला गेलो. दादा स्वयंपाकघरात चहा ठेवत होता. वहिनींना उशीला टेकवून थोडे उंच केले होते. मी चष्मा लावला, कागद हातभर लांब धरला आणि वाचू लागलो. "सविनय निवेदन है कि प्रार्थिनी वाहन क्रमांक इत्यादि की पंजीकृत स्वामिनी है." वहिनी हसल्या. "स्वामिनी!" मी पुढे गेलो. "प्रार्थिनी असाध्य रोग से ग्रस्त होकर पूर्णतः शय्याग्रस्त है. चिकित्सकों के मतानुसार प्रार्थिनी का जीवन छह मास से अधिक शेष नहीं है. माँ नर्मदा की परिक्रमा प्रार्थिनी की अंतिम इच्छा है." आणि मी थांबलो नाही. हेच मला आजही समजत नाही. मी नियमांच्या आधारापर्यंत गेलो, विनंतीपर्यंत गेलो, "प्रार्थिनी आजीवन आभारी रहेगी" इथपर्यंत गेलो आणि मगच मान वर केली.

दादा दोन कप हातात घेऊन दारात उभा होता.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "मधलं परत वाचा."

"ते... ती अर्जाची भाषा असते वहिनी. जोर यावा लागतो. त्याशिवाय साहेब लोक कागद बघत नाहीत."

"शेजारच्या काकूंच्या पेन्शनच्या वेळी तुम्ही इथेच बसून काय म्हणाला होतात? माझ्या अर्जात खोटं अक्षर एक सापडलं तर लेखणी ठेवीन."

मी म्हणालो होतो. या घरात तरी चार वेळा म्हणालो असेन. वहिनींनी माझ्याकडे पाहिले, मग दादाकडे. दादाने चहा ठेवायला जागा शोधल्यासारखे केले आणि कप हातातच ठेवले.

"नस नाही ना दबलेली?"

मी कागदाची घडी घालू लागलो. त्यांनी हात पुढे केला. "कुठे करायची सही?" मी जागा दाखवली. त्यांनी नाव हळूहळू लिहिले, एकेक अक्षर सुटे आणि गोल, ज्या वळणाने मला शिकवले होते त्याच वळणाने. मग म्हणाल्या, "चहा गार होतोय, अहो. बसा तरी."

अर्ज इतका परिणामकारक झाला होता, की परवानगी नवव्या दिवशी हातात पडली. असे सहसा होत नाही. संबंधित अधिकाऱ्यांनी तो दोनदा वाचला, असे मला बाबूने मुद्दाम सांगितले. मी त्याला धन्यवाद दिले आणि बाहेर येऊन सायकल स्टँडच्या कट्ट्यावर कितीतरी वेळ बसलो.

त्यानंतर मी राऊला जाई तेव्हा "आज काय ठरलं?" हा आवाज येत नसे. मीच आपणहून सांगे: तबक घडले, पट्ट्या वेल्ड झाल्या, लिव्हरला रबरी मूठ लागली. "हो का," वहिनी म्हणत. पुठ्ठ्याची गाडी उशाशी होती. ती कोणी फिरवत नव्हते. काम मात्र चोख झाले. मिस्त्रींनी पोलोग्राउंडच्या मागच्या मोकळ्या जागेत दादाकडून ट्रेलर पुरा काटकोनात वळवून घेतला, आणि कोपरा व केबिन यांच्यात माझा पंजा आडवा गेला. दादाने ट्रेलर राऊला आणून घरासमोर उभा केला, आत पलंग ठोकला, पडदे लावले. निघायचा दिवस काढायचा म्हणून तो पंचांग घेऊन बसला तेव्हा वहिनी म्हणाल्या,

"मी परिक्रमा उचलत नाही."

दादाला वाटले, प्रकृतीमुळे बोलतेय. "काही होत नाही गं. हळूहळू जाऊ. मैया पार लावते."

"लावते, हे ठाऊकाय मला. पण उचललेली परिक्रमा मध्ये टाकायची नसते. आई सांगायची, संकल्प सोडला की मग पुरी करायची, नाहीतर सोडूच नये. मला तर आता माहीत आहे की पुरी व्हायची नाही. माहीत असून कशी उचलू?"

"तीन आठवड्यांत होते ती गाडीने!"

"तुमच्या गाडीने होते. माझ्या पाठीने दिवसाला किती व्हायचं ते बघताय ना? आणि तुम्ही मध्येच मला घेऊन परत फिराल. मला अर्ध्यात फिरायचं नाही."

मी आयुष्यभर लोकांच्या बाजू मांडल्या आहेत. त्या दिवशीही मी मांडली. आजाऱ्याला शास्त्रात सवलत असते, संकल्पाला 'यथाशक्ती' हा शब्द जोडता येतो, अशी बरीच कारणे मी एकापुढे एक ठेवली. वहिनींनी मला मध्ये तोडले नाही. शेवटी फक्त म्हणाल्या, "माहीत नसतं तर गेले असते भावजी. जिथे राहिले असते तिथे राहिले असते." त्यात राग नव्हता. राग असता तर मला पायरी तरी मिळाली असती उभे राहायला. त्या सरळ हिशेबासारखे बोलल्या आणि तो हिशेब बरोबर होता. आम्ही दोघा भावांनी जे दडवले होते, त्यावर त्यांची परिक्रमा उभी होती. मी ते मोठ्या आवाजात, विरामचिन्हांसह वाचून दाखवले होते.

दादा माझ्याशी त्याविषयी कधी बोलला नाही. एकदाच, ट्रेलरच्या चाकात हवा भरताना, माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "ते वाक्य गाळून नसतं का वाचता आलं?" आले असते. माझ्या तोंडात उत्तर होते: तीस वर्षांत कधी गाळले नाही. ते मी गिळले.

माघातल्या एका सकाळी वहिनीच म्हणाल्या, "नुसतं बघून यायला काय हरकत आहे? संकल्प नको, काही नको. बडवाहपर्यंत."

आम्ही खंडवा रस्त्याने निघालो. वहिनी ट्रेलरमध्ये, सोबतीला सासरहून आलेली त्यांची लेक. मी दादाच्या शेजारी, मांडीवर लाल फडके आणि पायाशी दोन लाकडी ठोकळे. सिमरोलच्या पुढच्या घाटात बहुतेक वळणे कापलेल्या कोपऱ्यांनी निभावली. तीन ठिकाणी मात्र उतरावे लागले. मी फडके दाखवून मागची वाहने थांबवली, ठोकळे लावले, लिव्हर ओढली, हात वर केला. दादाने गाडी सोळा इंच पुढे घेतली, खट् असा आवाज आला. दुसऱ्या वळणावर मागच्या ट्रकवाल्याने मान बाहेर काढली.

"ओ भिया! रोड पे दुकान लगा रिये हो क्या?"

"मरीज है अंदर," मी म्हणालो.

त्याने हॉर्नवरचा हात काढला आणि मागच्यांना थांबण्यासाठी स्वतःच इशारे करू लागला. ट्रेलरच्या खिडकीतून वहिनींचा आवाज आला, "लागला का कोपरा?"

"नाही वहिनी. चार बोटं अंतर आहे."

"मग ठीक."

बडवाहच्या पुढे, पुलाच्या अलीकडे, एक कच्चा रस्ता काठाकडे उतरतो. तिथे जागा पाहून दादाने गाडी थांबवली. नदी उजव्या खिडकीला आली होती. परिक्रमेत ती नेहमी उजव्या हातालाच ठेवतात. वहिनींनी क्षणभर पाहिले आणि डोळे मिटले.

"अहो, उजवीकडे नको. उजवीकडे असली की मन चालायला लागतं. गाडी फिरवा. दारातून समोर दिसू दे."

जागा अरुंद होती. पुरा काटकोन घ्यावा लागणार होता. मी ठोकळे लावले, लिव्हर ओढली, दादाने पुढे घेतले, वळवले, मागे घेतले, पुन्हा वळवले. दोनदा माझा पाय चिखलात रुतला. ट्रेलरचे मागचे दार नदीकडे झाले तेव्हा आम्ही ते सताड उघडले. पाणी संथ होते, पलीकडच्या काठावर कोणीतरी चादरी धूत होते. वहिनी पडूनच हात जोडून राहिल्या.

त्यांनी परिक्रमेसाठी एक लहानशी बाटली घेऊन ठेवली होती. परिक्रमावासी नदीचे पाणी अशा बाटलीत भरून वाटभर जपून नेतात. ती त्यांनी पिशवीतून आणली होती, हे मला तेव्हा कळले. "भरून आणा भावजी." माझे हात ग्रीसने काळे झाले होते. मी वाळूने घासून धुतले, मग जिथे ग्रीसचा तवंग गेला नव्हता अशा जागी, थोडे वर जाऊन बाटली भरली.

परत येतो तो काठाने एक बाई चालत येताना दिसली. पांढरे लुगडे, हातात काठी, खांद्याला झोळी. आम्हाला पाहून म्हणाली, "नर्मदे हर." वहिनींनी उत्तर दिले आणि तिला जवळ बोलावले. बाई खानदेशातली निघाली. तीन महिन्यांपासून चालत होती. लेकीने तिला डब्यातले दशम्या-पिठले दिले. वहिनींनी माझ्या हातातली बाटली तिच्यापुढे करायला सांगितली.

"एवढी घेऊन जाल का बरोबर? मला आता जमायचं नाही."

बाईने बाटलीकडे पाहिले, मग पलंगाकडे, वहिनींच्या पायांवरच्या चादरीकडे. तिचे डोळे भरून आले. पण ती म्हणाली, "बाई, राग मानू नको. माझ्या संकल्पाची बाटली एकच. दुसऱ्याची मला उचलता येत नाही. माझी मोडंल."

मी पुढे झालो. अशा प्रसंगी माणसाला कसे वळवावे, हे मला ठाऊक आहे. परंतु वहिनींनी हात वर केला.

"बरोबर आहे तिचं," त्या म्हणाल्या. "मीसुद्धा नसती नेली."

बाई त्यांच्या पावलांना हात लावून गेली. काठीचा आवाज बराच वेळ येत राहिला. वहिनींनी बाटली घरी न्यायची नाही म्हणून सांगितले. मी पाण्यापर्यंत गेलो, बूच काढले आणि ती ओतली. ओतताना मला माफी मागायची होती. वाक्य मी घाटातच जुळवून ठेवले होते. परत येऊन ट्रेलरच्या दारात उभा राहिलो.

"वहिनी, माझ्याकडून..."

"चिखल झाडून वर या. दार लावायचंय," त्या म्हणाल्या. आणि मग, हळू आवाजात, "मला कळायला हवंच होतं हो. तुमच्याकडूनच का, एवढंच."

दादाने पुढून हाक मारली. वर चढायला गाडी पुन्हा काटकोनात घ्यावी लागणार होती. मी दार लावले, खाली उतरलो, चाकांना ठोकळे दिले आणि लिव्हरला दोन्ही हात घातले.